‘कोठवर?’ असे देवाला विचारावे का? एका भगिनीच्या पत्राला उत्तर

वडगाव शेरीहून एका भगिनीने पत्र लिहिले आहे. त्यांच्या पतीचे वय ४६. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे दीड वर्षापासून त्यांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू आहे. मंडळीतील लोकांनी सुरुवातीला उपास-प्रार्थना केल्या, घरी येऊन प्रार्थना सभा घेतल्या. पुढे येणारे कमी झाले, आणि त्यांतील एकाने ‘घरात कुठेतरी लपलेले पाप असेल, नाहीतर विश्वास कमी पडत असेल’ असे सुचवले. आता एका नातेवाइकांचा आग्रह आहे की डायलिसिस थांबवून त्यांना आरोग्यदानाच्या सभेला न्यावे, म्हणजे विश्वास सिद्ध होईल. भगिनी लिहितात, ‘मला हल्ली प्रार्थनाच येत नाही. गुडघे टेकले की फक्त “किती दिवस?” एवढेच तोंडात येते. माझा विश्वास गेला का? आणि दहावीतली मुलगी विचारते, बाबा बरे होतील का, तर तिला काय सांगू?’

प्रिय भगिनी, सलाम.

पुण्यातील रुग्णालयांत आजाऱ्यांना भेटणे आणि त्यांच्या घरच्यांजवळ बसणे हे काम मी गेली २६ वर्षे करीत आहे. तुमच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर थांबू शकत नाही, म्हणून ते आधी देतो. डायलिसिस थांबवू नका, एकदाही चुकवू नका. मूत्रपिंडे काम करीत नसताना शरीरात साठणारे पाणी आणि रक्तातील पोटॅशियम काही दिवसांतच जिवावर बेतू शकते. सभेला जायचे असेल तर डायलिसिस नसलेल्या दिवशी जा, डॉक्टरांनी घालून दिलेले पाण्याचे आणि खाण्याचे पथ्य पाळून जा, आणि प्रार्थना मनापासून करा. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी हे याकोबाच्या पत्रात स्पष्ट सांगितले आहे, आणि ती प्रार्थना मी स्वतः शेकडो खाटांजवळ केली आहे. मात्र औषध सोडणे ही विश्वासाची खूण आहे, असे शास्त्रात मला कोठेही आढळलेले नाही. प्रेषित पौलाच्या हातून आजारी बरे झाले, तरी तीमथ्याच्या पोटाच्या वारंवारच्या दुखण्यासाठी त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपाय लिहून पाठवला. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेतात आजारी अवस्थेतच मागे ठेवून आला आणि ते त्याने पत्रात सरळ नोंदवले. स्वतःच्या शरीरातील ‘काट्या’साठी, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, त्याने तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. लूकाचा उल्लेख तो ‘प्रिय वैद्य’ असा करतो. या माणसाच्या विश्वासात काही कमी होते असे तुमचे नातेवाईक म्हणतील, असे मला वाटत नाही.

आता त्या ‘लपलेल्या पापा’विषयी. हा प्रश्न नवा नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारले होते, की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने बजावले. सर्वस्व गमावून आजारी पडलेल्या ईयोबाच्या मित्रांची गोष्ट तर मी प्रत्येक प्रार्थना गटाला वर्षातून एकदा वाचून दाखवावी या मताचा आहे. ते आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्यांच्या साऱ्या भेटीतला तेवढाच भाग चांगला होता. तोंड उघडल्यावर मात्र त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली, आणि ती कारणे ऐकायला अत्यंत धार्मिक होती. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप त्या मित्रांवर झाला. ज्याने देवाला न्यायालयात खेचण्याची भाषा केली, त्या ईयोबाविषयी मात्र देव म्हणाला की माझ्याविषयी योग्य ते हाच बोलला. माझ्या अनुभवात आजारापेक्षा ही कारणमीमांसाच घरांना अधिक खोलवर जखमी करते. आजाराला निदान डॉक्टर असतो. ‘तुझ्यामुळे झाले’ या वाक्यावर तपासणी नसते.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. कामाच्या पहिल्या वर्षी, अपघातात गेलेल्या एका तरुण मुलाच्या वडिलांना मी शवागाराच्या बाहेर म्हणालो होतो की यातही देवाची काही योजना असेल. ते एस.टी.त कंडक्टर होते. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि विचारले, ‘पाळकसाहेब, ती योजना तुम्हाला कोणी दाखवली?’ माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली, आणि मुलाबद्दल त्यांना जे सांगायचे होते ते ऐकत संध्याकाळभर बसलो. तेव्हापासून खाटेजवळ ‘योजना’ हा शब्द मी उच्चारत नाही. ज्याला त्याच्या दुःखात पुढे कधी अर्थ सापडेल, त्याने तो स्वतः सांगावा; दुसऱ्याने तो आधी वाटू नये.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. गुडघे टेकल्यावर तुमच्या तोंडून फक्त ‘किती दिवस?’ एवढेच निघते आणि त्याची तुम्हाला भीती वाटते. पण तुम्ही जे म्हणता ते १३ व्या स्तोत्राचे पहिले वचन आहे. त्या छोट्याशा स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा आला आहे. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची, तक्रारीची, ‘तू झोपलास का?’ असे देवाला विचारणारी आहेत. आपल्या उपासनांत मात्र आपण बहुधा उरलेली गातो. माझ्या पिढीतील पाळकांचा हा मोठा दोष आहे, असे माझे मत आहे. टाळ्यांची गीते आम्ही लोकांना भरपूर दिली, पण ज्या दिवशी टाळी वाजत नाही त्या दिवसासाठी त्यांच्या हाती काही ठेवले नाही.

८८ वे स्तोत्र पाहा. बहुतेक विलापगीते शेवटी कोठेतरी वळण घेतात आणि स्तुतीकडे येतात, पण हे येत नाही. ते अंधारातच संपते. ज्यांनी पवित्र शास्त्राची पुस्तके पिढ्यान् पिढ्या जपली, त्यांना हे स्तोत्र वगळता आले असते, निदान शेवटी एखादे समाधानाचे वचन जोडता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्या संपूर्ण स्तोत्रात उजेडाची एकच ओळ आहे, ती पहिली, जिथे स्तोत्रकर्ता परमेश्वराला माझ्या तारणाच्या देवा अशी हाक मारतो. पुढचे सारे गाऱ्हाणे आहे, पण ते त्याच दारात घातलेले आहे. तक्रार कितीही कडू असली तरी तिचा पत्ता बदललेला नाही. तुम्ही मला विचारता, विश्वास गेला का? ज्याचा विश्वास गेला तो गुडघे टेकून ‘किती दिवस?’ असे विचारत नाही. तो विचारणेच सोडतो. माझ्या समजुतीप्रमाणे दुखण्याच्या दिवसांत आशेचे रूप पुष्कळदा एवढेच असते, आणि ते पुरेसे असते.

मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. देवाशी भांडण काढणे, त्याला बोल लावणे, रुसणे ही आपल्या संतांची जुनी रीत आहे. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या तुकारामांनी विठ्ठलाला जे सुनावले, ते श्रद्धा संपली म्हणून सुनावले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांची गीते आपण आजही मंडळीत गातो, ते तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हणत. त्या सेतूवरून येताना अभंगाची ही मोकळीकही आपल्याकडे यायला हवी होती. ती तितकीशी आली नाही. आपण देवाशी बोलताना जरा जास्तच शिष्टाचार पाळू लागलो.

आणि या सगळ्याच्या केंद्रस्थानी स्वतः प्रभू आहे. गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या रात्री, त्याने दुःखाचा हा प्याला टळावा अशी तीनदा विनंती केली आणि प्याला टळला नाही. ज्या मित्रांनी जागे राहावे असे त्याला वाटत होते, ते झोपी गेले. तुमच्या घरी येणारे कमी झाले, या तुमच्या ओळीजवळ मला तीच बाग आठवली. वधस्तंभावर त्याच्या ओठी आले ते २२ व्या स्तोत्रातील पहिले वाक्य, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ विलापाची स्तोत्रे ज्याने स्वतः म्हटली, त्याच्यापुढे ती म्हणायला आपण संकोच का करावा?

आशेचा विषय निघाला की मला केडगावचा विचार टाळता येत नाही. दौंडच्या गाडीने केडगावला उतरून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तुम्ही कधी गेला असाल. रमाबाईंचे काम आपण सांगतो, पण त्यांनी काय काय गमावले याची यादी फारशी कोणी सांगत नाही. १८७० च्या दशकातील दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न झाले, मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये पतीही गेले. वय तेव्हा चोविशीच्या आसपास आणि मांडीवर तान्ही मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ती शांती यायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. पाण्यातून वर आल्याबरोबर सारे दुःख धुऊन निघाले, असे त्यांच्या बाबतीत घडले नाही, आणि तसे घडल्याचा आव त्यांनी आणला नाही. १८९६ च्या दुष्काळात उपाशी मुली आणि विधवा पाहून त्या त्यांना केडगावला घेऊन आल्या, तेव्हा स्वतःच्या आईवडिलांचे उपासमारीचे मरण त्यांच्या डोळ्यांपुढे नसेल, असे मला वाटत नाही. आणि शेवटी, जिच्या हाती सारे सोपवायचे होते ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. त्यानंतरच्या महिन्यांत रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून चालवलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पूर्णत्वास नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुलगी गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्या रोज सकाळी टेबलाशी कशा बसत असतील, हा विचार मी अनेकदा करतो. त्यांना त्या दिवसांत ‘आशावादी’ वाटत होते, असे गृहीत धरण्याची गरज नाही. त्या कामाला बसत होत्या, एवढे आपल्याला ठाऊक आहे.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर मी केवळ धीराचे चार शब्द लिहिले असे होईल. ख्रिस्ती आशेचा आधार ‘सगळे ठीक होईल’ हा अंदाज नाही. तुमच्या पतीला योग्य मूत्रपिंड मिळेल का, शस्त्रक्रिया यशस्वी होईल का, हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखे बोलणाऱ्यापासून सावध राहा. आपली आशा एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे. ज्याला मारून पुरले तो तिसऱ्या दिवशी उठला, आणि म्हणून मरण हा शेवटचा शब्द उरलेला नाही. त्यात एक तपशील आहे, ज्यावर मी आजाऱ्यांजवळ बसून फार विचार केला आहे. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर आणि कुशीवर व्रण तसेच होते. देवाला ते पुसता आले असते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला ओळख पटली ती त्या व्रणांवरून. म्हणजे तुमची ही दीड वर्षे, हातावरच्या फिस्तुलाची (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या शिरेची) ती फुगलेली शीर, रात्री अपरात्री केलेल्या रिक्षाच्या फेऱ्या, हे सारे देवाच्या राज्यात कोणी खोडून टाकणार नाही. ते तेथे ओळखीचे असेल. मी याहून पुढे काही सांगू शकत नाही, पण इतके मी मोकळ्या मनाने सांगतो.

पुनरुत्थानाच्या दिवशी अम्माउस गावाच्या वाटेवर चाललेले ते दोन शिष्य तुम्हाला आठवत असतील. शिवाजीनगरहून पिंपरीपर्यंत चालत जावे जवळजवळ तेवढे, साधारण ११ किलोमीटरचे अंतर. त्यांनी आपल्या आशेविषयी सांगितले ते भूतकाळात: आम्हांला आशा होती. प्रभू त्यांच्याबरोबर चालत होता आणि त्यांना ते कळत नव्हते. त्याने त्यांना थांबवले नाही. आधी, काय झाले ते सांगा, असे विचारले, आणि सारी हकिगत त्यांच्याच तोंडून ऐकून घेतली. शास्त्र उलगडून सांगणे नंतर आले, भाकर मोडणे त्याहून नंतर. हा क्रम माझ्यासारख्या लोकांनी पाठ करण्यासारखा आहे.

आता थोडे व्यवहाराचे, कारण थकलेल्या शरीराला उपदेश पोहोचत नाही. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. त्याला झोपू दिले, भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. तुम्ही पत्रात लिहिले आहे की गेल्या कित्येक महिन्यांत सलग झोप झालेली नाही, भूक लागत नाही आणि कधी कधी ‘सगळे संपले तर बरे’ असे वाटते. हे शेवटचे वाक्य मी हलके घेत नाही. कृपा करून या आठवड्यातच डॉक्टरांना ते सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. दीर्घ आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला नैराश्य येणे हा विश्वासाचा पराभव नाही, आणि मूत्रपिंडासाठी डॉक्टर चालतो तर मनासाठीही चालला पाहिजे.

पैशांचेही बोलू. डायलिसिसचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. तुमचे रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल, तर तेथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. समाजसेवा विभागात जाऊन त्यासाठी अर्ज करा, लाजू नका. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नाव नोंदवायचे असल्यास डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारा; पुण्यात त्यासाठी विभागीय समन्वय समिती आहे. हे सारे मी आशेच्या उत्तरात का लिहितो, असे कोणी विचारील. कफर्णहूमला त्या पक्षघाती माणसाला चौघांनी उचलले, छप्पर उसकले आणि खाली सोडले. मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या आजाऱ्याने काही म्हटल्याचे तेथे लिहिलेलेच नाही. छप्पर उसकण्यासाठी हात लागतात, आणि हे अर्ज म्हणजे तेच हात आहेत.

म्हणून तुमच्या पाळकांना माझी एक विनंती पोहोचवा. प्रार्थना सभेऐवजी मंडळीतून चार माणसे नेमावीत. एकाने आठवड्यातून एक डायलिसिसची पाळी सांभाळावी, म्हणजे त्या दिवशी तुम्ही घरी झोपू शकाल. साधारण चार तासांचेच काम आहे. एकाने योजनेची कागदपत्रे हाती घ्यावीत. एका घराने आठवड्यातून दोन वेळचा डबा द्यावा, आणि तो आहारतज्ज्ञाला विचारूनच. मीठ कमी आणि पालेभाजी उकळून पाणी टाकून केलेली, नाहीतर प्रेमानेच अपाय व्हायचा. चौथ्याने तुमच्याऐवजी प्रार्थना करावी. ‘तुमच्यासाठी’ असे मी मुद्दाम म्हटलेले नाही. तुमचा आवाज परत येईपर्यंत मंडळीने तुमच्या जागी म्हणावे. रविवारी उपासनेला जमले तर मागच्या बाकावर बसा, गाऊ नका, नुसते ऐका. आपल्याला काय मागावे हे कळत नसताना आत्मा शब्दांनी बोलता येत नाही अशा कण्हण्याने मध्यस्थी करतो, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. तुमचे मुके बसणेही त्या कण्हण्यात मोजले जाते, असा माझा विश्वास आहे.

राहिली मुलगी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला सारे कळते, आणि आपल्यापासून काही लपवले जात आहे हेही कळते. ‘बाबा नक्की बरे होतील, तू प्रार्थना कर’ असे सांगू नका. उद्या तसे झाले नाही तर तिचे वडील आणि तिची प्रार्थना, दोन्हींचे ओझे तिच्या माथी येईल. तिला आजाराचे नाव, डायलिसिसचे काम, डॉक्टर काय म्हणतात, हे खरे खरे सांगा, आणि तुम्हाला जे माहीत नाही ते माहीत नाही असेही सांगा. पुनरुत्थानाची आशा सांगायची तर अंत्यविधीपुरती राखून ठेवू नका. आताच, साध्या शब्दांत, तुम्हाला स्वतःला जेवढी पटते तेवढीच सांगा. रात्री झोपण्यापूर्वी तिच्याबरोबर १३ वे स्तोत्र वाचा. सहाच वचने आहेत. पहिली दोन ‘कोठवर?’वाली तुम्ही वाचा, मधली दोन तिला वाचू द्या. शेवटच्या दोन वचनांत गाणे आहे. ती वचने ज्या रात्री वाचणे जमणार नाही त्या रात्री तिथेच थांबा आणि दिवा मालवा.

गुरुवारी दुपारी मी डायलिसिस विभागात असतो. तुमच्या पतींची पाळी त्या दिवशी असेल तर निरोप ठेवा. मी येऊन बसेन.